तामारेच्या तोंडचा ‘नेबाला’: दाविदाच्या घरातील एका प्रकरणाचा अभ्यास

हिब्रू बायबलमध्ये ‘नेबाला’ हे नाम एकूण १३ ठिकाणी येते. (यातील मधले अक्षर ‘ब’ आणि ‘व’ अशा दोन्ही प्रकारे उच्चारले जात असल्याने ‘नेवाला’ असेही ऐकू येते.) जुन्या भाषांतरकारांनी या शब्दासाठी बहुतेक वेळा ‘मूर्खपणा’ याच अर्थाचा शब्द योजला. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात अनेक ठिकाणी ‘अफ्रोसिने’, म्हणजे अविचार, असे आहे. लॅटिन व्हल्गेटमध्ये प्रस्तुत प्रकरणाच्या जागी ‘स्टुल्टिशिया’ आहे आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ‘फॉली’ आहे. परिणामी, आपल्यावर बळजबरी करू पाहणाऱ्या सावत्र भावाला एक तरुणी ‘असला मूर्खपणा करू नकोस’ म्हणून विनवते, असे वाक्य वाचकाच्या हाती येते. ते वाचताना कोणालाही खटकावे इतका हा शब्द त्या प्रसंगाला तोकडा पडतो.

हे प्रकरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात आहे. अभ्यासासाठी तेच निवडण्याचे कारण असे की, येथे हा शब्द घटना घडण्यापूर्वी उच्चारला जातो आणि जिला ती सोसावी लागणार आहे तिच्याच तोंडून उच्चारला जातो. शिवाय कथा तेथे थांबत नाही. तिचे धागे पुढचे अनेक अध्याय पुरतात. शब्दकोश पुढ्यात घेऊन नेबालाचा अर्थ लावता येतोच, परंतु येथे तो प्रत्यक्ष घटनांवर घासून पाहता येतो.

घर आणि माणसे

दावीद हेब्रोनात राज्य करीत असताना त्याला सहा बायकांपासून सहा मुलगे झाले. थोरला अम्नोन हा इज्रेलच्या अहीनवामेचा. तिसरा अबशालोम, गशूरचा राजा तलमय याच्या माका नावाच्या मुलीचा. तामार ही अबशालोमाची सख्खी बहीण, म्हणजे अम्नोनाची सावत्र बहीण. थोरलेपणामुळे गादीवर पहिला हक्क अम्नोनाचा होता, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. या अध्यायाच्या आधीचे दोन अध्याय स्वतः दाविदाच्या अपराधाचे आहेत. उरीयाची बायको बथशेबा त्याने आपल्याकडे आणवली, उरीयाला लढाईत पुढे धाडून मारवले आणि त्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावले की, तलवार तुझ्या घराला कधीच सोडणार नाही. त्यानंतरचे पहिलेच प्रकरण तामारेचे आहे. कथाकाराने ही जुळणी जाणूनबुजून केलेली आहे, असे मानायला पुरेसा आधार आहे.

अम्नोन तामारेच्या अभिलाषेने झुरू लागतो. त्याचा चुलतभाऊ योनादाब त्याला युक्ती सांगतो. मूळ पाठ या योनादाबाला ‘फार शहाणा माणूस’ म्हणतो. येथे ‘हाखाम’ हा शब्द आहे, जो इतरत्र ज्ञानी पुरुषांसाठी वापरला जातो. ज्या प्रकरणात कळीचा शब्द ‘मूर्खपणा’ समजला गेला, त्या प्रकरणाचा कट एका शहाण्याने रचावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या घरात अकलेची वाण नव्हती.

घटना

युक्ती साधी होती. अम्नोनाने आजाऱ्याचे सोंग घ्यायचे, बाप समाचाराला आला की ‘माझी बहीण तामार येऊन माझ्या डोळ्यांसमोर दोन लेबिबोत करील आणि मी तिच्या हातून खाईन’ एवढेच मागायचे. लेबिबोत हा तव्यावर केलेला एखादा पोळीसारखा वा वड्यासारखा पदार्थ असावा. या नावात ‘लेब’, म्हणजे हृदय, याचा ध्वनी आहे. दावीद काही संशय न घेता तामारेला निरोप धाडतो. म्हणजे या प्रकरणात तामारेला त्या खोलीपर्यंत पोहोचवणारा हात राजाचा आणि बापाचा आहे.

एरवी अत्यंत काटकसरीने लिहिणारा हा कथाकार येथे मात्र रेंगाळतो. तामारेने कणीक घेतली, मळली, त्याच्या देखत लेबिबोत केले, भाजले, मग तवा घेऊन ते त्याच्यापुढे काढून ठेवले, अशी एकामागून एक क्रियापदे तो मांडतो. अम्नोन खायचे नाकारतो, सर्वांना बाहेर घालवतो आणि तिला आतल्या खोलीत घास भरवायला बोलावतो. ती आत आल्यावर तिला धरून म्हणतो, ‘ये, माझ्यापाशी नीज, माझ्या बहिणी.’ यावर तामारेचे उत्तर १२ व्या आणि १३ व्या वचनांत आहे. हिब्रूतील क्रम शक्य तितका सांभाळून ते असे सांगता येईल: ‘नको, माझ्या भावा, माझी विटंबना करू नकोस, कारण इस्राएलात असे करीत नाहीत, ही नेबाला करू नकोस. आणि मी, मी माझी अप्रतिष्ठा कोठे घेऊन जाऊ? आणि तू, तू इस्राएलातील नाबालांपैकी एक होशील. तर आता राजाशी बोल. तो मला तुझ्यापासून राखून ठेवणार नाही.’ (‘नाबाल’ म्हणजे नेबाला करणारा.)

तो ऐकत नाही, तिच्याहून बळकट असल्याने तिच्यावर बळजबरी करतो आणि लगेच तिचा द्वेष करू लागतो. पूर्वीच्या प्रेमाहून हा द्वेष मोठा होता, असे पाठ म्हणतो. ‘ऊठ, चालती हो’ असे तो तिला दोन शब्दांत सांगतो. तामार पुन्हा विनवते की, मला असे हाकलणे हे तू आधी केलेस त्याहून मोठे वाईट आहे. या १६ व्या वचनाची हिब्रू वाक्यरचना विस्कळीत आहे, पण आशय समजतो. अम्नोन आपल्या चाकराला हाक मारून सांगतो, ‘ही माझ्याजवळून बाहेर घालव आणि तिच्यामागून दार लाव.’ हिब्रूत येथे ‘झोत’, म्हणजे नुसते ‘ही’, एवढेच आहे. ‘मुलगी’ नाही, ‘बहीण’ तर नाहीच. काही वचनांपूर्वी ज्या तोंडाने ‘माझ्या बहिणी’ म्हटले होते, त्याच तोंडाला आता तिच्यासाठी नाम उरलेले नाही. तामार अंगावरचा राजकन्यांचा झगा फाडते, डोक्यावर राख घालते आणि हात डोक्यावर ठेवून रडत निघून जाते.

ती नेमके काय म्हणाली

तामारेच्या दोन वचनांत तीन वेगवेगळ्या हानींना तीन वेगवेगळे शब्द आहेत, आणि भाषांतरात ते एकमेकांत मिसळले की प्रकरणाचा कणाच हरवतो. तिच्या देहावर जे होणार आहे त्यासाठी ‘इन्ना’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ दडपणे, नमवणे, विटंबना करणे. तिच्या पुढच्या आयुष्यावर जे येणार आहे त्यासाठी ‘हेर्पा’, म्हणजे अप्रतिष्ठा, हा शब्द आहे. ‘नेबाला’ हा शब्द मात्र ती स्वतःच्या हानीसाठी वापरत नाही. तो ‘इस्राएलात असे करीत नाहीत’ या वाक्याला जोडून येतो, आणि त्याची दुसरी बाजू म्हणजे ‘तू नाबालांपैकी एक होशील’ हे वाक्य. थोडक्यात, विटंबना आणि अप्रतिष्ठा माझ्या वाट्याची, नेबाला इस्राएलची, आणि नाबाल हे नाव तुझे. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणतात. तामार त्या घटकेला अम्नोनासमोर दोन्ही ठेवून पाहते आणि शिवाय त्याचा राजकीय स्वार्थही त्याच्या ध्यानात आणून देते, कारण ज्याला लोक नाबाल म्हणतात त्याला गादीवर बसवणार कोण? संकटात सापडलेल्या माणसाचे हे बोलणे भेदरलेले नाही, त्यात युक्तिवाद आहे. नीट विचार करून केलेला आहे.

शेवटच्या वाक्याने टीकाकारांना बराच त्रास दिला आहे. लेवीय पुस्तकाच्या १८ व्या आणि २० व्या अध्यायांत सावत्र बहिणीशी संबंध स्पष्टपणे निषिद्ध आहे आणि बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात त्यावर शाप आहे. मग राजा हे लग्न लावून देईल, असे तामार कशी म्हणते? काहींच्या मते ती केवळ वेळ मारून नेत होती. काही जण दाखवतात की अब्राहामानेही सारेला आपल्या बापाची, परंतु आपल्या आईची नव्हे अशी मुलगी म्हटले होते, तेव्हा हा निषेध त्या काळी सर्वत्र पाळला जात नसावा. यहुदी धर्मशास्त्रावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदातील ‘सन्हेद्रिन’ या भागात तर तामारेची आई युद्धात धरून आणलेली स्त्री होती आणि कायद्याच्या दृष्टीने तामार अम्नोनाची बहीणच नव्हती, असा मार्ग काढलेला आहे. यांपैकी कोणतेही उत्तर घेतले तरी एक गोष्ट सिद्ध होते. जवळच्या नात्यातील संबंध हा तिच्या बोलण्याचा मुख्य आक्षेप असता, तर त्याच दमात तिने लग्नाचा पर्याय पुढे केला नसता. तेव्हा या प्रकरणातील नेबाला म्हणजे निषिद्ध नाते नव्हे. तिचा आक्षेप रीत मोडण्याला आहे. बापाला विचारून, सर्वांसमोर, विवाहाच्या वाटेने जे घडू शकते ते दार बंद करून बळाने हिसकावण्याला आहे.

बाकीच्या ठिकाणांची साक्ष

एका वाक्यावरून एवढा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल, म्हणून उरलेल्या जागा तपासायला हव्यात. उत्पत्तीच्या ३४ व्या अध्यायात शखेमाने याकोबाची मुलगी दीना हिच्यावर बळजबरी केल्यावर ‘त्याने इस्राएलात नेबाला केली, असे करीत नाहीत’ असे म्हटले आहे. म्हणजे तामारेच्या तोंडची दोन्ही वाक्ये तेथे जोडीने येतात. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या १९ व्या आणि २० व्या अध्यायांत गिबा गावच्या प्रकरणात हा शब्द चार वेळा आहे. तेथे रात्री आश्रयाला आलेल्या लेवी वंशातील एका माणसाला गावगुंडांनी वेढले आणि त्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार करून तिला उंबऱ्यावर मरायला टाकले. अनुवाद २२:२१ मध्येही विषय लैंगिकच आहे. एवढ्यावर थांबले तर ‘नेबाला म्हणजे लैंगिक अनाचार’ असे म्हणता येईल, आणि कित्येक जण तसे म्हणतातही.

पण आखानाचे काय करायचे? यरीहोच्या पाडावानंतर सर्व लूट देवासाठी वेगळी ठेवायची असताना त्याने शिनारी झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट तंबूत पुरून ठेवली, आणि यहोशवा ७:१५ हे कृत्य नेबालाच म्हणते. येथे स्त्री नाही, वासना असलीच तर धनाची आहे. यशया ९:१७ मध्ये नेबाला ही तोंडाने बोलण्याची गोष्ट आहे आणि ३२:६ मध्येही तसेच. तेथे नाबाल भुकेल्याला उपाशी ठेवतो आणि तान्हेल्याचे पाणी तोडतो. यिर्मया २९:२३ मध्ये बाबेलातील दोन खोट्या संदेष्ट्यांवर शेजाऱ्यांच्या बायकांशी व्यभिचार आणि देवाच्या नावाने खोटे बोलणे हे दोन्ही दोष एकाच शब्दाखाली ठेवले आहेत. सर्वांत अवघड जागा ईयोबाच्या ४२ व्या अध्यायातील ८ वे वचन आहे. तेथे देव ईयोबाचा मित्र अलीफज याला सांगतो की, ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील, म्हणजे मी तुमच्याशी नेबाला करणार नाही. क्रियापदाचा कर्ता स्वतः देव आहे! देव मूर्खपणा करणार नाही, देव व्यभिचार करणार नाही, असे येथे म्हणायचे असणे शक्य नाही. म्हणूनच पुष्कळ भाषांतरकार या वाक्यात ‘तुमच्या मूर्खपणाचे फळ’ असा काहीतरी फिरवलेला अर्थ घालतात. तो हिब्रूत नाही.

ब्रिटिश अभ्यासक अँथनी फिलिप्स यांनी १९७५ साली या शब्दावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की, नेबाला हा एखाद्या विशिष्ट गुन्ह्याचा कायदेशीर शब्द नसून गंभीर बेबंद वागणुकीचा सर्वसाधारण शब्द आहे. ज्या वागणुकीने घर, विवाह, व्यवहार, जमाती-जमातींतील संबंध किंवा देवाशी असलेला संबंध यांपैकी कोणती तरी अस्तित्वात असलेली घडी मोडते, ती नेबाला. या चौकटीत आखान बसतो, गिबा बसतो आणि ईयोबातील वाक्यही बसते: देव तुमच्याशी असलेले नाते तोडून वागणार नाही. माझ्या मते आजवरच्या स्पष्टीकरणांत हेच सर्वांत कमी ओढाताण करणारे आहे. या शब्दाचे मूळ ‘कोमेजणे, गळणे’ या अर्थाच्या धातूत आहे का, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि प्रस्तुत प्रकरणाला त्याची गरजही पडत नाही.

त्यात एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. कथारूपाने आलेल्या प्रसंगांत नेबालाबरोबर न ऐकण्याचा उल्लेख वारंवार येतो. अम्नोनाबद्दल ‘त्याला तिचे ऐकायचे नव्हते’ असे एकदा नव्हे, दोनदा म्हटले आहे. गिब्यातील माणसांनी म्हाताऱ्या यजमानाचे ऐकले नाही, त्यासाठी तेच क्रियापद आहे, आणि पुढे ते गाव ज्यांचे होते त्या बन्यामिनाच्या वंशाने भाऊबंदांचे ऐकले नाही, तेथेही तेच. घडी मोडणारा माणूस नियमाची पर्वा करीत नाही हे खरेच, पण समोरचा बोलत असताना त्याच्यापर्यंत शब्द पोहोचू शकत नाहीत, हे त्याचे अधिक ओळखीचे लक्षण या कथांत दिसते.

नाबाल नावाचा माणूस

हे लक्षण ज्याच्यात मूर्तिमंत दिसते त्याचे नावच नाबाल आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातील हा मावोनचा धनिक, ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे असलेला. दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना राखले होते. लोकर कातरण्याच्या सणाला त्यांनी थोडे अन्न मागितले, तर ‘कोण हा दावीद?’ म्हणून त्याने त्यांना हाकलून दिले. त्याचा स्वतःचा चाकर म्हणतो की, याच्याशी बोलणेच शक्य नाही. त्याची बायको अबीगईल दाविदाची वाट अडवून म्हणते, ‘जसे त्याचे नाव तसाच तो आहे, नाबाल त्याचे नाव आणि नेबाला त्याच्यापाशी.’ यात शब्दाचा खेळ आहे, परंतु खेळापलीकडे त्यात न्यायनिवाडाही आहे. ज्याने परस्पर उपकाराची वहिवाट तोडली त्याला ती हे नाव देते. नाबाल अडाणी होता म्हणून दावीद ४०० माणसे घेऊन तलवारी बांधून निघालेला नव्हता.

अबीगईल आणि तामार या दोघींखेरीज बायबलमध्ये कोणत्याही स्त्रीच्या तोंडी हा शब्द नाही. दोघीही हिंसा घडण्याच्या बेतात असलेल्या पुरुषासमोर उभ्या राहून बोलतात; दाविदाने अबीगईलचे ऐकले, अम्नोनाने तामारेचे ऐकले नाही. पुढे विधवा झालेली अबीगईल दाविदाची राणी झाली, आणि त्याच अध्यायात तिच्यासोबत उल्लेख होतो तो अम्नोनाची आई अहीनवाम हिचा.

कथाकाराच्या मनात हा दुवा होता, याचा पुरावा अम्नोनाच्या मृत्यूत आहे. दोन वर्षांनी अबशालोम बआल-हासोर येथे लोकर कातरण्याच्या सणाला राजपुत्रांना बोलावतो. अम्नोनाचे ‘हृदय द्राक्षारसाने आनंदित’ झाले की त्याला मारा, अशी त्याची चाकरांना आज्ञा असते. नाबालही लोकर कातरण्याच्या सणात पिऊन ‘हृदय आनंदित’ झालेला असतानाच त्याच्या शेवटाला सुरुवात होते. तेथे हिब्रू पाठ म्हणतो की त्याने राजाच्या मेजवानीसारखी मेजवानी केली होती. तामारेच्या प्रकरणातील हिब्रू पाठात मेजवानीचे हे वाक्य नाही, परंतु सेप्टुअजिंटमध्ये आहे: अबशालोमाने राजाच्या मेजवानीसारखी मेजवानी केली. जुना पाठ तोच असावा असे मानायला जागा आहे. सेनापती अबनेर याच्या वधानंतर दाविदाने विलाप केला होता, ‘अबनेराने नाबाल मरतो तसे मरावे काय?’ तो प्रश्न अम्नोनाच्या वाट्याला उत्तर होऊन आला. तू नाबालांपैकी एक होशील हे तामारेचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

बापाचे मौन

नेबालाला प्रतिसाद काय दिला जातो, हा या अभ्यासातील सर्वांत भरीव भाग आहे. आखानाच्या प्रकरणात समाज एकत्र येऊन दोषी शोधतो आणि शिक्षा देतो. ती शिक्षा आजच्या वाचकाला असह्य वाटेल, पण ती उघडपणे दिलेली आहे. गिब्याच्या प्रकरणात सगळे वंश मिस्पा येथे जमतात, मात्र निवाड्याचे रूपांतर भाऊबंदांच्या कत्तलीत होते आणि बन्यामिनाचा वंश नाहीसा होण्याच्या काठावर येतो. दाविदाच्या घरात तर निवाडाच होत नाही. १३:२१ म्हणते, ‘राजाने हे सर्व ऐकले आणि तो फार संतापला.’ प्रचलित हिब्रू पाठ येथे संपतो. सेप्टुअजिंटमध्ये पुढे एक वाक्य आहे, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या हिब्रू गुंडाळीच्या फाटक्या तुकड्यातही त्याचा अंश शिल्लक आहे: त्याने आपला मुलगा अम्नोन याचे मन दुखवले नाही, कारण त्याचे त्याच्यावर प्रेम होते, तो त्याचा थोरला होता. कुंपणाने शेत खाल्ले आणि शेतमालकाने कुंपणाची बाजू धरली, असे हे झाले.

अबशालोमाचे वागणेही वेगळ्या प्रकारचे मौनच आहे. तो बहिणीला म्हणतो, ‘तुझा भाऊ तुझ्यापाशी होता काय? आता गप्प राहा, माझ्या बहिणी, तो तुझा भाऊ आहे. ही गोष्ट मनाला लावून घेऊ नकोस.’ येथे ‘इन्ना’ नाही, ‘नेबाला’ नाही. ‘तुझ्यापाशी होता’ एवढेच सौम्य, झाकलेले क्रियापद आहे. तामारेने नेमक्या शब्दांत मांडलेले प्रकरण तिचे हितचिंतक ‘ही गोष्ट’ करून टाकतात. ती भावाच्या घरी उजाड होऊन राहते, आणि त्यानंतर पाठ तिला पुन्हा बोलू देत नाही. गंमत अशी की, अम्नोनाचा खून झाल्यावर दाविदाला खरे कारण स्पष्ट सांगणारा माणूस तो ‘शहाणा’ योनादाब आहे: अम्नोनाने तामारेची विटंबना केली त्या दिवसापासून अबशालोमाच्या मनात हे ठरलेले होते. म्हणजे हे सर्वांना ठाऊक होते. बोलले कोणी नाही.

पुढचे सर्वज्ञात आहे. अबशालोम आजोळी गशूरला तीन वर्षे राहिला, परतल्यावर यरुशलेमात दोन वर्षे बापाचे तोंड त्याला दिसले नाही, आणि मग वेशीजवळ उभे राहून ‘तुझा दावा खरा आहे, पण राजाकडून ऐकायला कोणी नेमलेला नाही’ असे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागला. बंडाची ही भाषा न्याय न मिळाल्याचीच आहे. दाविदाला राजधानी सोडावी लागली आणि राजवाड्याच्या छतावर अबशालोमाने बापाच्या उपपत्नींना सर्व इस्राएलादेखत भ्रष्ट केले. ज्याने बहिणीसाठी तलवार उचलली त्याने तेच कृत्य दहा स्त्रियांवर राजकारणाचे साधन म्हणून केले. हे वाचताना तामारेचा कैवार आणि गादीची ओढ यांची अबशालोमाच्या मनात नेमकी वाटणी काय होती, असा प्रश्न पडतो. थोरला भाऊ मेल्याने त्याचा मार्ग मोकळा झाला, हे नाकारता येत नाही.

या शब्दाची मर्यादा

नेबाला हा समाजाचा शब्द आहे, आणि तीच त्याची उणीवही आहे. ‘इस्राएलात नेबाला’ असे म्हटले की अपराध इस्राएलाविरुद्ध घडलेला ठरतो, आणि जिच्यावर तो घडला ती हळूहळू दृष्टिआड होते. दीनेच्या प्रकरणात भाऊ या शब्दाच्या जोरावर सगळे नगर कापून काढतात आणि दीना एक अक्षर बोलत नाही. गिब्यातील स्त्रीला तर नावही नाही. अनुवाद २२:२१ मध्ये तोच शब्द एका मुलीला दगडमार करण्यासाठी वापरलेला आहे. तेव्हा या शब्दाला न्यायाचा शब्द म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही; तो व्यवस्थेचा शब्द आहे, आणि व्यवस्था कोणाची हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

तामारेला हे उमगले होते असे पाठावरून दिसते. कृत्य घडण्यापूर्वी ती नेबाला म्हणते, कारण तेव्हा अम्नोनाला अडवण्यासाठी इस्राएल, राजा, गादी या सर्वांना साक्षीला बोलवायचे होते. कृत्य घडून गेल्यावर १६ व्या वचनात ती तो शब्द उच्चारत नाही. तेथे ‘राआ’, म्हणजे सरळ ‘वाईट’, हा शब्द आहे, आणि त्या वाक्यात इस्राएलाचा उल्लेख नाही. ‘हे मोठे वाईट, तू माझ्याशी आधी केलेस त्याहून’ असे ती म्हणते. ‘माझ्याशी’ हा शब्द तिच्या तोंडी येथे प्रथमच येतो.

मराठीत काय म्हणावे

हा प्रश्न मराठीत नवा नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १९ व्या शतकात मुंबईत हिब्रू-मराठी धर्मपुस्तके छापली जात होती, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ साली निधन होण्यापूर्वी तडीस नेले. मूळ भाषेशी थेट झुंज घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे, म्हणून ग्रीक-लॅटिन-इंग्रजी या वाटेने आलेला ‘मूर्खपणा’ आपण मुकाट्याने चालवून घेण्याचे कारण नाही. खुद्द लॅटिन व्हल्गेटनेही दीनेच्या प्रकरणात ‘घाणेरडी गोष्ट’ असा वेगळा शब्द घेतला आहे, म्हणजे त्याचा भाषांतरकार जेरोम यालाही एकच शब्द सगळीकडे चालवता आलेला नव्हता.

‘मर्यादाभंग’ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे, परंतु आजच्या कानाला तो सभागृहातील ठरावासारखा लागतो, आणि त्यातून ‘नाबाल’ हे कर्त्याचे नाव निघत नाही. ‘बेतालपणा’ आणि ‘बेताल’ ही जोडी जमते. तिचे वजन मात्र हलके पडते. ‘अनाचार’ आणि ‘अनाचारी’ ही जोडी मला तामारेच्या वाक्यासाठी योग्य वाटते. ‘आचार’ म्हणजे लोक जसे वागतात ते. त्यामुळे ‘इस्राएलात असे करीत नाहीत’ याच्याशी ‘हा अनाचार करू नकोस’ आपसूक जोडले जाते आणि पुढे ‘तू इस्राएलातील अनाचाऱ्यांपैकी एक होशील’ हेही मूळच्या जोडीला धरून राहते. आखानाच्या सोन्याच्या विटेला हा शब्द नीट बसत नाही, कारण मराठीत ‘अनाचार’ म्हटले की मन प्रथम देहसंबंधांकडे वळते; तेथे ‘घोर अपराध’ पत्करावा लागेल. ईयोबाच्या ४२:८ साठी तर नामाचा हट्टच सोडावा आणि ‘म्हणजे मी तुमच्याशी नाते तोडून वागणार नाही’ असे क्रियापदाने सांगावे; तळटीप देऊन मूळ शब्द तोच आहे, एवढे कळवले की पुरे.